तांब्याचे शेजारी

आखेतातेन, इ. स. पू. १३५० च्या सुमारास

भट्टीच्या तोंडापाशी उभे राहू नका, दोन पावलं मागे या. वारा फिरला की ज्वाळा बाहेर येते. मातीच्या विटांची ही गोल भट्टी सकाळपासून पेटलेली आहे आणि तिच्या पोटात बाभळीची लाकडं तडतडताहेत. हो, बाभूळच. नाईलच्या काठी वाढणारी ही जात आणि आपल्या बांधावरची जात एकच. पश्चिमेला नदीचा हिरवा पट्टा दिसतो, पूर्वेला चुनखडीचे उघडेबोडके कडे, आणि मधल्या रेताड मैदानावर एक अख्खं शहर घाईघाईने उभं राहतं आहे. जुन्या देवांकडे पाठ फिरवून राजा आखेनातेनने सूर्यबिंबाच्या, म्हणजे आतेनच्या, उपासनेसाठी ही राजधानी वसवली आहे. राजवाड्याच्या भिंतींना गिलावा झाला आहे. जमिनीवर तळी, मासे, कमळं आणि पाणपक्षी रंगवायचे आहेत. त्याला निळा लागणार, आणि भरपूर लागणार.

निळ्याचीच इथे टंचाई आहे. तांबड्या-पिवळ्यासाठी गेरू आणि पिवडी हवी तेवढी मिळते, काळ्यासाठी काजळी आहे, पांढऱ्यासाठी चुनखडी. निळा लाजवर्द दगड मात्र यायचा तो थेट अफगाणिस्तानातल्या बदख्शानहून, डोंगर आणि वाळवंटं ओलांडत, हजारो किलोमीटरवरून. तो राजाच्या गळ्यात शोभतो. भिंती रंगवायला तो कुटणं कुणाला परवडणार? म्हणून इथले कारागीर निळा रंग स्वतः घडवतात. माणसाने बनवलेला सर्वांत जुना कृत्रिम रंग म्हणून ज्याचं नाव घेतलं जातं तो हाच, आणि तुम्ही इथे येऊन बसला आहात तेव्हाच त्याची कृती हजार वर्षांहून जुनी झालेली आहे.

खाली बसा. तुमच्यापुढे चार ढीग मांडलेत. पहिला वाळूचा, सर्वांत मोठा. दुसरा चुनखडीच्या भुकटीचा. तिसरा खाराचा, म्हणजे आटलेल्या तळ्यांतून खरवडून आणलेल्या नेट्रॉनचा. वाळू लवकर वितळू लागावी म्हणून तो हवा. चौथा ढीग काळा आहे. कांशाची जुनी मोड, तुटके वाकस, झिजलेल्या छिन्न्या आगीत लाल करून काढल्या की त्यांच्यावर काळी खपली धरते. ती ठोकून झाडून घेतात. चिमूटभर खपली बोटांत चोळून पाहा: ठिसूळ, कोळशासारखी काळी, बोटांना करडा डाग सोडणारी. मूळ धातू लालसर, त्याची खपली काळी. चारही ढीग नीट पाहून घ्या. त्यांत निळं असं काहीही नाही.

आता मिसळा. वाळू बारीक वाटलेली हवी, नाहीतर आत कण कोरडे राहतात. पाण्याचा हात लावून गोळा वळा आणि मातीच्या पसरट भांड्यात बसवा. भांडं भट्टीत जातं. इथून पुढे सगळी कसोटी भट्टी सांभाळणाऱ्याची. साधारण साडेआठशे ते हजार अंश सेल्सिअस एवढी आच तासन् तास टिकवायची, आणि तापमान मोजायला त्याच्याकडे स्वतःच्या डोळ्यांखेरीज काहीही नाही. आतली लाली नारिंगीकडे झुकली की तो लाकूड घालायचं थांबतो, मंदावली की पुन्हा घालतो. आच फार चढली तर सगळा ऐवज वितळून हिरवट काच होते. हवेची वाट कोंडली तर तांबं निळ्याऐवजी लाल ऑक्साइड होऊन बसतं. मधला एक अरुंद पट्टा आहे, त्यातच निळा जन्मतो.

भट्टी निवल्यावर भांडं बाहेर येतं. घातला होता काळपट-करडा गोळा, आणि हातात आली आहे एक खडबडीत, सच्छिद्र वडी. ती आरपार निळी आहे. वडी फोडा, दगडावर वाटा. जाडसर ठेवली तर रंग गडद राहतो, वाटत गेलात तर फिका होत जातो. एकाच वडीतून चित्रकाराला रात्रीचं आकाशही मिळतं आणि सकाळचंही.

इथेच एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढच्या सगळ्या प्रवासात ती सोबत ठेवायची आहे. हा निळा एकट्या तांब्याचा नाही. तांब्याचा अणू दोन इलेक्ट्रॉन गमावून बसला की त्याच्याभोवती इतर अणू गोळा होतात, आणि ते कोण आहेत, किती आहेत, कसे बसले आहेत, यावर रंग ठरतो. या वडीतल्या प्रत्येक तांब्याच्या अणूला चार ऑक्सिजन शेजारी लाभले आहेत, सपाट चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर. त्या ऑक्सिजनना पलीकडून सिलिकॉनने पकडून ठेवलं आहे. हजार अंशांच्या आगीत जमलेला हा शेजार आहे. ऊन, पाऊस, शतकं, काहीही येवो, तो सहजासहजी मोडत नाही. भट्टीवरच्या माणसाला अणू ठाऊक नाही. पण हवेची वाट किती उघडी ठेवायची, हे तो ज्या अचूकपणे जाणतो, ते रसायनशास्त्रच आहे आणि त्याला त्याच आदराने वागवायला हवं.

पुतेओली, इ. स. पू. पहिलं शतक

तेराशे वर्षं पुढे या, नेपल्सच्या आखाताच्या काठावर. इथे वेस्तोरिअस नावाच्या माणसाने निळ्याचा कारखाना घातला आहे. रोमन वास्तुकार वित्रुविअसने आपल्या ग्रंथात त्याची कृती लिहून ठेवली: वाळू आणि खार पिठासारखे वाटायचे, त्यावर जाड कानशीने घासलेला तांब्याचा कीस भुरभुरायचा, हातांनी गोळे वळून वाळवायचे आणि मडक्यात घालून भट्टीत ठेवायचे. आखेतातेनच्या अंगणात तुम्ही केलंत तेच. त्याने चुन्याचा उल्लेख केला नाही. तो बहुधा वाळूतूनच येत असावा. रंग बनवण्याची पद्धत अलेक्झांड्रियातून आली, असंही तो सांगतो.

इथे फार रेंगाळू नका. रोमचं साम्राज्य ढासळल्यावर पुढच्या काही शतकांत ही विद्या युरोपातून नाहीशी होते. १८१५ मध्ये रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही इटलीतल्या जुन्या भिंतींवरचे रंग तपासून या निळ्यात तांबं आहे हे दाखवतो, तोवर ती कृती वित्रुविअसच्या पानांत नुसती पडून असते.

साँ-ज्युलियाँ, मेदोक, ऑक्टोबर १८८२

पायांखाली चिखल आहे आणि हवेत ओलावा. बोर्दो शहराच्या उत्तरेचा हा द्राक्षाचा मुलूख. तोडणी आटोपली आहे. रस्त्याच्या दोन्ही अंगांना वेलींच्या रांगा लांबवर गेल्यात, आणि जवळजवळ सगळ्या ओक्याबोक्या आहेत. पानं वेळेआधीच गळून गेलीत. जी उरलीत ती उलटी करून पाहा: खालच्या बाजूला पांढरी बुरशी, वरून तेलकट पिवळे डाग. नाशिकच्या कुठल्याही बागायतदाराला हे पान दाखवा, तो लांबूनच सांगेल, हा केवडा, डाउनी आहे म्हणून.

हा रोग फ्रान्सला नवा आहे. आधी फिलोक्सेरा नावाच्या किडीने इथल्या वेलींच्या मुळ्या खाल्ल्या. त्या किडीला दाद न देणारे अमेरिकी खुंट आणून त्यांवर कलमं बांधायची, हा उपाय निघाला. अमेरिकी वेलींबरोबर केवडाही आला आणि १८७८ मध्ये तो फ्रान्समध्ये पहिल्यांदा आढळला. एका संकटावरचं औषध दुसरं संकट घेऊन आलं. बोर्दो विद्यापीठातले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक पिएर-मारी-आलेक्सी मिलार्दे हे त्या खुंटांच्या कामातले जाणकार. आज तेच तुमच्या पुढे या रस्त्याने चालले आहेत.

ते थांबतात. तुम्हीही थांबा. रस्त्याला लागून असलेल्या ओळींवर पानं आहेत. भरगच्च, हिरवी, ऑक्टोबर संपत आला तरी टिकलेली. आत चार पावलं जा, तिथे पुन्हा काड्याच. परत रस्त्यालगत या आणि एक पान हातात घ्या. त्यावर निळसर पांढरा पातळ थर वाळलेला आहे. अंगठ्याने घासा, थोडा निघतो, पण शिरांच्या खोलगट जागी घट्ट बसलेला राहतो.

मिलार्दे बागेचे व्यवस्थापक एर्नेस्त दाविद यांना विचारतात. खुलासा मिळतो तो अगदी व्यवहारातला आहे. वाटसरू येता-जाता द्राक्षांचे घड तोडून नेतात. त्यांना धाक बसावा म्हणून मेदोकमध्ये फळ पिकायच्या सुमारास रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद, म्हणजे तांब्याचं सल्फेट, आणि चुना कालवून शिंपडायची रीत आहे. रंग पाहिला की खाणाऱ्याला विषाची शंका येते आणि तो हात आवरतो. बस, एवढंच. चोर दूर ठेवायला मारलेल्या रंगाने बुरशीलाही दूर ठेवलं होतं.

कितीतरी लोक त्या रस्त्याने गेले असतील. हिरव्या ओळी त्यांनीही पाहिल्या असतील. मिलार्दे यांनी त्यापुढे जाऊन तीन वर्षं खपून प्रयोग केले. रसायनशास्त्रज्ञ युलिस गायाँ यांना सोबत घेतलं, दाविद यांच्या बागांत चाचण्या घेतल्या आणि १८८५ मध्ये कृती जाहीर केली. त्या कृतीसाठी बाह्या वर सारा. १०० लिटर पाण्यात ८ किलो मोरचूद विरघळवा. द्रावण स्वच्छ आणि आरपार निळं दिसेल, कारण त्यात तांब्याभोवती फक्त पाण्याचे रेणू आहेत. वेगळ्या भांड्यात १५ किलो कळीचा चुना ३० लिटर पाण्यात विझवा. जरा लांबून, तो उसळतो. आता चुन्याचं दूध निळ्या द्रावणात ओता आणि ढवळा. आरपार दिसणारा निळा क्षणात गढुळतो, दाट होतो, आकाशी रंगाचा गाळ तयार होतो. चुन्यातल्या हायड्रॉक्साइडने पाण्याला बाजूला सारून तांब्याशेजारची जागा घेतली आहे.

नुसतं मोरचुदाचं पाणी पानांवर मारलं असतं तर पानं करपली असती आणि पहिल्याच सरीने औषधही धुऊन गेलं असतं. चुन्याबरोबर झालेला हा गाळ पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. तो पानाला चिकटून बसतो, आणि दवाच्या किंवा पावसाच्या थेंबात तांब्याचा अगदी थोडा अंश सोडत राहतो. केवड्याच्या बीजाणूला पानात शिरण्यासाठी नेमका तोच थेंब लागतो. तिथेच तो तांब्याला सापडतो आणि मरतो. डाव्या हातात बादली, उजव्या हातात झाडाच्या बारीक काड्यांचा झाडू, आणि ओळीमागून ओळ शिंपडत जाणारी माणसं. जगभर पोचलेल्या बोर्दो मिश्रणाची सुरुवात ही अशी आहे.

म्युनिक, एप्रिल १९१२

विद्यापीठाच्या तळघरातल्या खोलीत क्ष-किरणांची नळी गुणगुणते आहे. शिशाच्या जाड पेटीत एक बारीक भोक, भोकासमोर मेणाने चिकटवलेला एक निळा खडा, खड्यामागे काळ्या कागदात गुंडाळलेली फोटोची काच. खडा मोरचुदाचा आहे.

भौतिकशास्त्रज्ञ माक्स फॉन लाउअ यांच्या डोक्यात एक प्रश्न आहे. क्ष-किरण जर लहरी असतील, आणि स्फटिकात अणू खरोखरच ओळीने, ठरावीक अंतरावर बसलेले असतील, तर स्फटिकातून जाताना त्या लहरी विखुरून एकमेकींत मिसळायला हव्यात आणि काचेवर ठिपक्यांची नक्षी उमटायला हवी. यातले दोन्ही ‘जर’ १९१२ मध्ये सिद्ध झालेले नाहीत. इथले प्रमुख आर्नोल्ड सोमरफेल्ड यांना शंका आहे. उष्णतेने अणू इतके थरथरत असतील की नक्षी पुसली जाईल, असं त्यांना वाटतं. प्रयोग करताहेत वाल्टर फ्रीडरिश आणि पाउल क्निपिंग हे दोन तरुण. मोरचूदच का? तांब्याच्या अणूंवर क्ष-किरण पडले की ते स्वतःचे ठरावीक क्ष-किरण फेकतात, आणि नक्षी उमटायला तेच लागतील असा त्यांचा कयास आहे. शिवाय मोरचुदाचा मोठा, सुबक स्फटिक सहज मिळतो.

तास जातात. नळी तापते, तिला विसावा द्यावा लागतो. शेवटी काच अंधाऱ्या खोलीत नेतात. द्रावणात ती हलवताना तुम्ही वाकून पाहा. मधोमध किरणांच्या सरळ मार्गाचा मोठा काळा डाग येतो. मग हळूहळू त्याच्याभोवती लांबट, अंधूक ठिपके उमटतात, एकापेक्षा अधिक कड्यांमध्ये.

फ्रीडरिश आणि क्निपिंग लगेच आनंद मानत नाहीत, आणि हे फार महत्त्वाचं आहे. ते खडा काढून घेतात: ठिपके नाहीत. ते मोरचूद कुटून त्याची पूड ठेवतात. तेच तांबं, तोच निळा, पण रचना मोडलेली: ती नक्षी गेली. म्हणजे ठिपके रचनेचे होते. क्ष-किरण लहरी आहेत आणि स्फटिकात अणू रांगेने बसतात, हे दोन्ही एकाच निळ्या खड्याने एकाच वेळी सांगितलं. ८ जून १९१२ रोजी हे निष्कर्ष बव्हेरियाच्या अकादमीपुढे ठेवले गेले आणि १९१४ चं भौतिकीचं नोबेल लाउअ यांना मिळालं. मीठ, हिरा, प्रथिनं, डीएनए, पुढच्या शतकात माणसाने पदार्थांच्या आत जे जे पाहिलं त्याची वाट या तळघरातून निघते.

त्याच वर्षी, म्हणजे १९१२ मध्येच, ६ डिसेंबरला आखेतातेनला परत जा. आता त्या जागेला अमार्ना म्हणतात. शहर आखेनातेननंतर लवकरच ओसाड पडलं होतं. लुडविग बोर्शार्ट यांची जर्मन तुकडी थुतमोस नावाच्या शिल्पकाराच्या कार्यशाळेचे ढिगारे उपसते आहे. मजुरांनी हातांनी मातीचा शेवटचा थर बाजूला केला आहे आणि राणी नेफर्तितीचा अर्धपुतळा बाहेर येतो. तिचा उंच मुकुट निळा आहे. तुम्ही वळलेल्या गोळ्यांचाच तो रंग, तीन हजार दोनशेहून अधिक वर्षं मातीखाली राहिलेला आणि तरी ताजा. एका वर्षात, आठ महिन्यांच्या अंतराने, तांब्याचे दोन निळे समोर आले. एक पाण्याने धरलेला, एक वाळूने.

लिव्हरपूल, १९३४

मोरचुदाच्या त्या अंधूक ठिपक्यांचा पुरता अर्थ लागायला बावीस वर्षं लागली. मोरचुदाचा स्फटिक सममितीच्या बाबतीत फार कंजूष, त्यामुळे त्याची गणितं किचकट. आर्नोल्ड बीव्हर्स आणि हेन्री लिप्सन हे दोन तरुण ती हाताने सोडवतात. गणिताचा पसारा आवरण्यासाठी पुढे त्यांनी आकडे छापलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या काढल्या. संगणक येईपर्यंत जगभरच्या स्फटिकशास्त्रज्ञांनी त्या वापरल्या.

त्यांना जे दिसलं ते पाहा. तांब्याच्या प्रत्येक अणूला पाण्याचे चार रेणू, चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर, अगदी लगटून. वर एक आणि खाली एक असे सल्फेटचे दोन ऑक्सिजन, पण जरा अंतर ठेवून. मोरचुदात पाण्याचे पाच रेणू असतात हे तर शाळेपासून ठाऊक. मग पाचवा कुठे आहे? तो तांब्याच्या शेजारी नाहीच. तो सल्फेट आणि इतर पाण्यांच्या मध्ये बसला आहे.

हे खरं की खोटं, ते तुमच्या हातांनी तपासता येतं. परीक्षानळीत मोरचुदाचे चार-पाच खडे टाका आणि मंद आचेवर धरा. नळीच्या थंड काठाशी पाण्याचे थेंब जमू लागतील, खडे फिके पडतील. तांब्याला लगटलेले चार रेणू शंभर-सव्वाशे अंशांच्या आसपास सुटून जातात. पाचवा मात्र दोनशे अंश ओलांडले तरच निघतो, आणि तळाशी उरते पांढरीफटक पूड. तांबं कणभरही कमी झालेलं नाही. फक्त शेजारी गेले आणि निळा त्यांच्याबरोबर गेला. नळी पूर्ण निवू द्या आणि पाण्याचा एक थेंब सोडा. पूड फसफसून गरम होते आणि थेंब पडला त्या जागेपासून निळा पसरत जातो.

आता अमोनिया. मोरचुदाच्या फिकट निळ्या पाण्यात अमोनियाचे थेंब सोडा. आधी आकाशी गाळ येतो, मेदोकला पाहिला तसाच. आणखी अमोनिया घातला की गाळ विरतो आणि द्रावण एकदम गर्द, जांभळ्याकडे झुकणारं निळं होतं. पाण्याच्या जागी अमोनिया शेजारी येऊन बसला.

असं का होतं, त्याची पायाभरणी भौतिकशास्त्रज्ञ हान्स बेथे यांनी १९२९ मध्ये केली. दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या तांब्याच्या बाहेरच्या पाच कक्षकांत दहा जागा असतात आणि इलेक्ट्रॉन नऊ. एक जागा रिकामी. शेजारी नसते तर पाचही कक्षकांची ऊर्जा सारखीच राहिली असती. शेजारी आले की त्यांच्याकडे तोंड असलेल्या कक्षकांतले इलेक्ट्रॉन ढकलले जातात, त्यांची ऊर्जा वाढते. बाकीचे खाली राहतात. खालचा इलेक्ट्रॉन वरच्या रिकाम्या जागी उडी घेऊ शकतो, आणि त्या उडीची किंमत तो प्रकाशातून वसूल करतो. पाणी शेजारी असेल तर उडी लहान. त्यासाठी लाल आणि त्यापलीकडचा प्रकाश शोषला जातो, उरलेला फिकट निळा डोळ्यांत येतो. अमोनिया जास्त जोर लावतो, उडी मोठी होते, शोषण नारिंगी-पिवळ्यापर्यंत सरकतं आणि निळा गर्द होतो. दहावी जागा भरलेली असेल तर उडी घ्यायला जागाच नाही. म्हणून आखेतातेनच्या भट्टीत हवा कोंडली की निळा हातचा जायचा: ऑक्सिजन कमी पडला आणि तांब्याचा दहावा इलेक्ट्रॉन त्याच्याकडेच राहिला.

लंडन, २००९

ब्रिटिश म्युझियममध्ये पार्थेनॉन मंदिराच्या संगमरवरी मूर्ती आहेत. अडीच हजार वर्षांपूर्वी अथेन्समध्ये घडवलेल्या या मूर्ती आता पांढऱ्या दिसतात आणि त्या मुळापासून अशाच होत्या असं पुष्कळांना वाटत आलं. त्या रंगवलेल्या होत्या का, हा वाद जुना. संशोधक जोव्हानी व्हेरी मूर्तीवर लाल प्रकाश टाकतात आणि अवरक्त किरण टिपणाऱ्या कॅमेऱ्यातून पाहतात. डोळ्यांना काहीच दिसत नाही. कॅमेऱ्याच्या पडद्यावर मात्र आयरिस देवतेच्या कंबरपट्ट्याच्या जागी पांढरे ठिपके चकाकतात.

ते तुमच्याच भट्टीतल्या निळ्याचे कण आहेत. त्या निळ्याची ही खासियत: दिसणारा प्रकाश पिऊन तो ९१० नॅनोमीटरच्या आसपास अवरक्त प्रकाश परत फेकतो. डोळ्यांना दिसणारा रंग घासून, धुऊन गेला. उरलेल्या कणांत तांब्याचा अणू आणि त्याचे चार ऑक्सिजन जसेच्या तसे बसून आहेत, म्हणून ते अजून उत्तर देतात. मूर्ती रंगवलेल्या होत्या, ही साक्ष त्यांनी दिली.

दिंडोरी, यंदाचा पावसाळा

आता घरी या. खरड छाटणी होऊन गेली आहे, बागेत नवी पालवी दाट झाली आहे, आणि सलग पाऊस लागून राहिला आहे. केवड्याला हवं ते सगळं आहे. शेडमध्ये प्लॅस्टिकची तीन पिंपं मांडली आहेत. लोखंडी पिंप चालत नाही, कारण तांबं त्यावर चढतं. एका पिंपात ५० लिटर पाणी आणि १ किलो मोरचूद, दुसऱ्यात ५० लिटर पाण्यात १ किलो कळीचा चुना विझवून, गाळून. दोन्ही एकदम तिसऱ्यात ओतत लाकडी दांड्याने ढवळायचं. हा एक टक्क्याचा बोर्डो, म्हणजे तेच बोर्दो मिश्रण. मिलार्दे यांच्या मूळ कृतीपेक्षा कितीतरी हलका. दक्षिण कोकणात पोफळीच्या बागांत सुपारीच्या कोळे रोगावरही हाच मारतात.

फवारणीआधी एक तपासणी आहे, ती तुम्ही करा. घासून लख्ख केलेला विळा मिश्रणात बुडवा, थोडा वेळ धरा आणि बाहेर काढा. पात्यावर तांबूस लेप दिसतो का? दिसतो. म्हणजे चुना कमी पडला आहे, मोकळं तांबं अजून पाण्यात आहे आणि ते पानं करपवेल. पातं जवळून पाहा. लोखंडाने त्या तांब्याला दोन इलेक्ट्रॉन परत दिले, शेजाऱ्यांना निरोप मिळाला, आणि तांबं आपल्या मूळच्या लाल रूपात पात्यावर येऊन बसलं. चुन्याचं पाणी आणखी घाला, ढवळा, विळा पुसून पुन्हा बुडवा. लेप धरेनासा झाला की मिश्रण तयार. ते आजच संपवायचं, उद्यावर ठेवायचं नाही.

फवारणी सुरू करण्याआधी आणखी एक हिशेब मांडायला हवा, आणि तो मांडण्यासाठीच तुम्हाला इतकं लांब फिरवून आणलं. मुकुटावरचा निळा टिकला, देवतेच्या कंबरपट्ट्यावरचे कण टिकले, कारण तांबं नासत नाही. ते फक्त शेजारी बदलतं. हाच नियम मातीलाही लागू आहे. इतर बरीच औषधं कालांतराने विघटित होतात, तांबं होत नाही. पानावरून ओघळलेला प्रत्येक निळा थेंब मातीत जातो आणि तिथेच राहतो. शंभराहून जास्त वर्षांच्या फवारण्यांनी बोर्दो भागातल्या जुन्या मळ्यांच्या मातीत तांबं साचलं, आणि साचलेलं तांबं गांडुळांना आणि मातीतल्या जीवांना त्रास देतं. म्हणून युरोपीय संघाने २०१९ पासून मर्यादा घातली: सात वर्षांत हेक्टरी २८ किलोपेक्षा जास्त तांबं द्यायचं नाही. बोर्डो सेंद्रिय शेतीतही चालतो आणि जुना, खात्रीचा आहे, म्हणून तो बिनधोक आहे असं समजून हात सैल सोडणं बरोबर नाही.

म्हणून हंगामात तांबं किती गेलं याची वहीत नोंद ठेवा, जसे पाण्याचे आणि खताचे आकडे ठेवता. १ किलो मोरचुदात तांबं सुमारे २५० ग्रॅम असतं, एवढं लक्षात ठेवलं तरी हिशेब जमतो. मातीचं परीक्षण करून घ्याल तेव्हा तांब्याचा आकडा वेगळा पाहा. पाऊस उघडला असेल, पानं कोरडी असतील आणि रोगाची चाहूल नसेल तर एक फवारणी टाळा. आखेतातेनच्या कारागिराने हवेची वाट बोटभर कमी-जास्त करून जे साधलं, मिलार्दे यांनी चुन्याचं प्रमाण ठरवून जे साधलं, तेच काम आता तुमच्याकडे आलं आहे: तांब्याला योग्य शेजारी द्यायचे, आणि ते किती वापरायचं हे आपण ठरवायचं.